येत होतं, पण आठवलं नाही

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

"तीनदा वाचलं, वाचताना सगळं येत होतं, पेपरात मात्र आठवेना," असं तू लिहिलंस. येत नव्हतं रे, ओळखू येत होतं. समोर दिसलेलं ओळखणं आणि समोर काहीच नसताना आठवणं ही दोन वेगळी कामं. तिसऱ्या वाचनाला डोळा ओळींवरून सरसर जातो, त्यालाच आपण तयारी समजतो. त्यात हायलायटरने अख्खं पान पिवळं केलं की झालंच.

डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास आकडा सांगितला होता, पुढच्या अभ्यासकांनी तो चारपर्यंत खाली आणला. म्हणून मराठवाड्याचे आठ जिल्हे सुटे घोकलेस की एखादा गळतोच, बहुतेक वेळा हिंगोली. त्यापेक्षा असं बघ. आधी जिल्हे पाच: औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. औरंगाबादेतून जालना निघाला १ मे १९८१ला, उस्मानाबादेतून लातूर १६ ऑगस्ट १९८२ला, परभणीतून हिंगोली १ मे १९९९ला. म्हणजे तीन घरांत वाटण्या झाल्या, बीड-नांदेडातून नवा जिल्हा निघाला नाही. तारखांचंही तसंच: दोन महाराष्ट्र दिनाच्या, एक स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवसाची. आधीपासून माहीत असलेल्या खुंट्याला नवी माहिती बांधली की ती सहसा सुटत नाही. (पहिल्या आणि पाचव्या जिल्ह्याची नावं आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, तोही खुंटाच समज.)

आता रोजचं काम. धडा एकदाच, समजून वाच. पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिही. अडलास तर लगेच पान उघडू नकोस, मिनिटभर धडपड कर. पक्कं होण्याचं काम त्या मिनिटातच होतं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईने भर. दुसऱ्या दिवशी पुन्हा आधी कोरा कागद, मग पुस्तक. पुढे चौथ्या, दहाव्या आणि साधारण तिसाव्या दिवशी तसंच. या आकड्यांत मंत्र काही नाही. लाल शाई घटली तर अंतर वाढव, नाही घटली तर कमी कर.

पहिले काही दिवस चिडचिड होईल, शेजारी बसून नुसता वाचणारा पुढे गेला असंही वाटेल. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात तसंच दिसलं: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे.

दोन गोष्टी बिघडवतात. सारख्या दिसणाऱ्या बाबी एकमेकींत मिसळतात. १९८१ आणि १९८२ची अदलाबदल झाली तर दोन्ही शेजारी लिहून फरक काय तेवढाच लिही. दुसरी अपुरी झोप. दिवसभराचं शिकलेलं झोपेत मेंदू पुन्हा चाळतो, पक्कं करतो. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसून सकाळी सहाला उठतोस, तिथेच ते काम अर्धवट राहतं.

पुढच्या पत्रासोबत चौथ्या दिवशीचा कागद पाठव. लाल शाईसकट, स्वच्छ उतरवून काढू नकोस.