पोट साफ होत नाही, कॅप्सूल घेऊ का?

प्रश्न : मी फोंड्याची, वय ५२. थायरॉइडची गोळी चालू आहे. दाढेसाठी अँटिबायोटिक्स घेतली तेव्हापासून पोट फुगतं, साफ होत नाही. मुलाने ऑनलाइन प्रोबायोटिक कॅप्सूल मागवल्यात, सोबत इसबगोल पण घेऊ का?

उत्तर : ताई, कॅप्सूलची घाई नको. प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतू. डबीवरचे त्यांच्या संख्येचे अब्जावधींचे आकडे बघून काही कळत नाही, त्यात कुठले जंतू आहेत त्यावर सगळं असतं. अँटिबायोटिक्सने जुलाब होतात त्यात काहींचा उपयोग होतो, बद्धकोष्ठाचं तेवढं ठामपणे नाही म्हणता येत. मला विचाराल तर आधी इसबगोलच. पण पाणी भरपूर हं! अर्धा चमचा पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, ठेवून दिलं की फुगून घट्ट होतं आणि कमी पाण्यात घेतलं तर घशात अडकू शकतं. एकदम जास्त घेतलं की गॅस वाढतो, म्हणून हळूहळू वाढवा. थायरॉइडची गोळी सकाळी घेता ना, मग हे रात्रीच, मध्ये निदान ४ तास हवेतच नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलं? थायरॉइड कमी पडला तरी असंच होतं, तेवढं आधी बघून घ्या प्लीज. जेवणात घरचं ताक, पालेभाजी, अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची आपली रस्साभाजी) थोडं थोडं चालेल. शौचात रक्त दिसलं किंवा उगाच वजन उतरलं तर मात्र घरचे उपाय बंद, सरळ डॉक्टरकडे जा.