इन्स्टॉल मध्येच अडकलंय, लॉक फाइल डिलीट करू का?

नका करू. बाकीचं सावकाश वाचा, पण ती फाइल आत्ता आहे तशी राहू द्या आणि मशीनचं पॉवरचं बटणही दाबून धरू नका.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. ऐरोलीत तुमचा टायपिंगचा क्लास आहे. दोन जुन्या मशीनवर उबुंटू २२.०४ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलंत. विद्यार्थ्यांच्या वर्डमधल्या मराठी फायली नीट दिसाव्यात म्हणून 'उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' हे पॅकेज टाकायला घेतलंत. मध्येच जांभळ्या पडद्यावर राखाडी चौकट आली, तीत लायसन्सचा लांबलचक मजकूर आणि खाली 'ओके'. माउस चालेना, एंटर दाबून काही होईना. पाऊण तास वाट बघून तुम्ही ती खिडकी बंद केलीत. आता परत इन्स्टॉल करायला गेलं की 'लॉक दुसऱ्या प्रोसेसकडे आहे' असं म्हणत ते तिथेच थांबतं. आणि ओळखीच्या एकाने सांगितलंय की लॉक फाइल उडव, मोकळं होईल.

मी ठाण्यात राहतो, नवी मुंबईतल्या लहान ऑफिसांची मशीनं सांभाळायचं काम बरीच वर्षं करतोय. माझ्या अनुभवात अडकलेलं इन्स्टॉलेशन जवळजवळ नेहमी कोणाची तरी वाट बघत बसलेलं असतं. तुमच्या उत्तराची, नेटची, डिस्कची, नाहीतर दुसऱ्या एखाद्या इन्स्टॉलेशनची. ते कोणासाठी थांबलंय हे कळेपर्यंत काही मारायचं नाही आणि काही पुसायचं नाही.

तुमच्या बाबतीत ते तुमच्यासाठीच थांबलं होतं. ती राखाडी चौकट म्हणजे प्रश्न विचारणारी खिडकी. तिला माउस कळत नाही. टॅबची कळ दाबली की 'ओके'वर रंग चढतो, मग एंटर. त्यानंतर दुसरी चौकट येते, अटी मान्य आहेत का अशी. तिथे बाणाच्या किंवा टॅबच्या कळीने 'येस'वर जायचं आणि एंटर. एवढंच होतं. पण हे कुठेही लिहिलेलं नसतं, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा माणूस अडकतोच. यात तुमची काही चूक नाही.

तो प्रश्न मुळात का येतो, तेही सांगतो, कारण पुढचं कोडं त्यातूनच सुटतं. त्या पॅकेजबरोबर मायक्रोसॉफ्टचे काही जुने फॉन्ट येतात: एरियल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्डाना, जॉर्जिया वगैरे. कंपनीने ते १९९६ साली वेबसाठी फुकट उपलब्ध केले होते आणि २००२ मध्ये स्वतःच्या साइटवरून काढून घेतले. लायसन्सची अट अशी की मूळ फायलीत बदल न करताच त्या पुढे वाटता येतात. म्हणून उबुंटूच्या पॅकेजमध्ये प्रत्यक्ष फॉन्ट नसतातच. त्यात फक्त फॉन्ट उतरवून घेणारी छोटी स्क्रिप्ट असते, ती आधी तुमची संमती विचारते आणि मग सोर्सफोर्ज नावाच्या साइटवरून फायली आणते. म्हणजे इथे थांबायच्या जागा दोन: एक तुमच्या 'हो'साठी, दुसरी डाउनलोडसाठी. नेट मंद असेल तर 'हो' म्हटल्यावरही बराच वेळ काही हलताना दिसणार नाही. तेव्हा घाबरू नका.

आता लॉककडे येऊ. ही गोष्ट जरा नीट समजून घ्या, कारण लॉक फाइल उडवायचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो खरोखर घातक आहे.

लॉक फाइल हे कुलूप नव्हे, ती नुसती कडी आहे. ती फाइल रिकामीच असते आणि काहीही चालू नसलं तरी तिथेच असते. खरं कुलूप कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे असतं. कोणत्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ही कडी धरली आहे याची नोंद तो ठेवतो आणि ती प्रोसेस संपली की कुलूप आपोआप सुटतं. आता तुम्ही फाइल डिलीट केलीत तर काय होईल? जुन्या प्रोसेसच्या हातात जुन्या फाइलचं कुलूप तसंच राहील. नव्याने सुरू केलेलं ॲप्ट (पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्रॅम) त्याच नावाची नवी फाइल बनवेल, तिला नवं कुलूप लावेल आणि आत जाईल. म्हणजे एका खोलीत दोघे जण, आणि दोघांनाही वाटतंय की आपण एकटेच आहोत. कोणती पॅकेजं बसली आहेत, कोणती अर्धवट आहेत याची वही म्हणजे 'वार, लिब, डीपीकेजी' या फोल्डरातली 'स्टेटस' नावाची फाइल. दोघे एकाच वेळी त्या वहीत लिहायला लागले की पुढचे दोन दिवस तुम्ही ती निस्तरत बसाल.

मग करायचं काय? (कमांड मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा.) लॉकच्या त्या ओळीतच प्रोसेसचा नंबर आणि नाव दिलेलं असतं, आधी ते वाचा. नाव 'अनअटेंडेड अपग्रेड'सारखं असेल तर मशीन स्वतःहून सुरक्षेचे अपडेट घेतंय. नुकतंच उबुंटू टाकलेल्या मशीनवर हे हमखास होतं आणि जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा तासही लागतो. त्याला काम संपवू द्या, चहा घेऊन या. नाव 'ॲप्ट' किंवा 'डीपीकेजी' (ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) असेल तर ते तुमचंच सकाळचं इन्स्टॉलेशन आहे. खिडकी बंद केलीत तरी ते मागे जिवंत आहे आणि न दिसणाऱ्या चौकटीत अजून तुमच्या उत्तराची वाट बघतंय.

दुसरी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'पीएस एएक्सएफ' ही कमांड द्या. चालू प्रोसेसची वंशावळ दिसेल, कोणाच्या पोटातून कोण निघालंय ते फांद्यांसारखं मांडलेलं. 'ॲप्ट' शोधा आणि फांदीच्या टोकापर्यंत जा. अडकणारा नेहमी टोकाला असतो. बाकीचे सगळे त्याच्या मागे रांगेत उभे असतात. तुमच्या फांदीच्या टोकाला 'व्हिपटेल' असं नाव दिसेल असा माझा अंदाज आहे. ती चौकट काढणारा प्रोग्रॅम तोच.

मारायचाच झाला तर तो टोकाचा मारा, आणि साध्या 'किल'ने, पुढे 'उणे नऊ' (म्हणजे जबरदस्तीने तिथल्या तिथे बंद करणं) न लावता. टोकाचा गेला की वरच्याला 'हे काम जमलं नाही' असा निरोप मिळतो आणि तो आपली नोंद करून रीतसर बाहेर पडू शकतो. थेट डीपीकेजीवर 'उणे नऊ' चालवलं तर नोंद करायलाही त्याला वेळ मिळत नाही. दोन मिनिटं थांबून परत वंशावळ बघा. ॲप्ट अजून बसलेलं असेल तर त्यालाही साधा किल द्या. सगळं गेलं की 'सुडो डीपीकेजी', मग दोन आडव्या रेघांना जोडून 'कॉन्फिगर', मग एक रेघ आणि 'ए'. अर्धवट राहिलेली पॅकेजं ही कमांड पूर्ण करते. काहीच अर्धवट नसेल तर ती गुपचूप परत येते, तेही ठीकच. त्यानंतर मूळ इन्स्टॉलची कमांड पुन्हा द्या. चौकट परत येईल. या वेळी टॅब.

इतका जीव तोडून का सांगतोय, तर एकदा मी स्वतः घाई केली होती. महापे एमआयडीसीतलं एक छोटं ऑफिस, संध्याकाळची वेळ, बिलिंगचं मशीन. अपडेटमध्ये नवा कर्नेल आला होता आणि पडद्यावर शेवटची ओळ होती 'अपडेट इनिट-रॅम-एफएस, जनरेटिंग'. दहा मिनिटं ती ओळ जागची हलली नाही. मला घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडायची होती. पॉवरचं बटण दाबून धरलं. पुन्हा चालू केल्यावर काळा पडदा आणि 'कर्नेल पॅनिक, रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही'. ती ओळ दाखवत असताना मशीन बूट होताना लागणारी छोटी फाइल सिस्टिम बांधून, दाबून, डिस्कवर लिहित होतं. जुन्या डिस्कवर तेवढा वेळ लागतोच. मी ते काम अर्ध्यात तोडलं होतं. मालक बाजूला उभे होते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बिलं काढायची होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला अजून आठवते.

सुटलं ते असं, आणि हे लक्षात ठेवा, कारण ठाण्यात काय नि ऐरोलीत काय, लाइट तर कधीही जाते. मशीन चालू होताना ग्रबचा, म्हणजे कशावर सुरू व्हायचं ते निवडायचा, मेनू आणायचा (बऱ्याच मशीनवर शिफ्ट किंवा एस्केप दाबून येतो), त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जायचं आणि आधीचा जुना कर्नेल निवडायचा. उबुंटू नवा कर्नेल टाकताना जुना लगेच काढत नाही, ते अशाच वेळी उपयोगी पडतं. जुन्यावर मशीन उठलं, मग तीच वर सांगितलेली डीपीकेजी कॉन्फिगरची कमांड दिली, तिने अर्धवट काम पूर्ण केलं. या वेळी ती ओळ बराच वेळ तशीच होती आणि मी खुर्चीवर हात बांधून बसलो होतो.

म्हणून काम चालू आहे की खरंच थांबलंय, हे ओळखायला शिका. त्याच 'पीएस'च्या यादीत 'स्टॅट' नावाचा रकाना असतो. टोकाच्या प्रोसेससमोर 'आर' असेल तर ती राबतेय, सोडून द्या. 'एस' असेल तर ती निवांत कशाची तरी वाट बघतेय, बहुधा तुमची नाहीतर नेटची. 'टी' असेल तर तुमच्याच हातून कंट्रोल झेड दाबलं गेलंय, 'एफजी' टाइप करून तिला परत पुढे आणा. आणि 'डी' असेल तर ती डिस्कसाठी थांबलेली आहे. मधूनमधून 'डी' दिसणं साहजिक आहे. पण दर वेळी बघावं तर 'डी'च, आणि 'सुडो डीमेसजी' (डी-एम-ई-एस-जी) या कमांडमध्ये इनपुट-आउटपुट एररच्या ओळी येत असतील, तर पॅकेजचा विचार सोडा, डिस्क जायला आलीये. अशा प्रोसेसला 'उणे नऊ'सुद्धा लागू पडत नाही. आधी विद्यार्थ्यांच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. जुनी मशीनं म्हणालात म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणखी एक सवय तुमच्या क्लासमध्ये नक्की असणार. वर्डमध्ये फाइल सेव्ह करायला बोटं आपोआप कंट्रोल एस दाबतात. टर्मिनलमध्ये त्याच कळा पडद्यावरचा मजकूर थांबवतात. आत काम थोडा वेळ चालू राहतं, पण बाहेर सगळं गोठल्यासारखं दिसतं. कंट्रोल क्यू दाबलं की सुटतं. विंडोजच्या काळ्या खिडकीतही याचा भाऊ आहे: खिडकीत चुकून क्लिक झालं की मजकूर सिलेक्ट होतो आणि प्रोग्रॅम थांबतो, एस्केप दाबलं की पुढे जातो.

नेटमुळे अडकतं तेव्हा ओळ वेगळी असते. शून्य टक्के आणि पुढे 'कनेक्टिंग' किंवा 'वेटिंग फॉर हेडर्स'. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघायचं. त्यावर चाललं तर दोष तुमच्या लाइनचा. कित्येकदा आयपीव्ही सिक्सचा (नव्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ता मिळतो पण त्या रस्त्याने पुढे काही जात नाही, तेव्हा ॲप्टला जुन्या आयपीव्ही फोरनेच जा असं सांगायची सोय आहे. २२.०४ वर फायरफॉक्सच्या पॅकेजपाशी अडकलं तर तेही बहुधा नेटच, कारण तिथे फायरफॉक्स स्नॅप म्हणून वेगळ्या दुकानातून उतरतो.

आता मूळ मुद्दा, जो तुम्ही विचारलाच नाही. मराठी फायली नीट दिसाव्यात हाच हेतू असेल तर या पॅकेजची तुम्हाला गरजच नाही. त्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. वर्डच्या मराठी फायलींत बहुतेक वेळा 'मंगल' असतो आणि तो या संचात येत नाही. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' किंवा 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' टाका. दोन्ही उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून येतात, लायसन्सची चौकट नाही, काही नाही. अक्षरं बरोबर दिसतील, फक्त ओळी थोड्या इकडेतिकडे सरकतील. फायली युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर मात्र आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल, तिथे कोणताही नवा फॉन्ट कामाचा नाही.

तेव्हा पहिल्या मशीनवर वरचं निस्तरून घ्या, दुसऱ्यावर थेट लोहित टाका. तरीही कुठे अडलं तर 'वार, लॉग, ॲप्ट' या फोल्डरातल्या 'टर्म डॉट लॉग' फाइलच्या शेवटच्या वीस ओळी आणि 'पीएस'च्या वंशावळीतली ॲप्टची फांदी इथे खाली टाका. रात्री घरी आल्यावर बघून उत्तर देतो.