विरंगुळा केंद्राचा ठराव मंजूर, मग पैसे कुठे अडतात?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गाव गुहागर तालुक्यात, खाडीकाठी. तीन वाड्या मिळून साठीपुढची माणसे शंभरेक, बहुतेकांची मुले मुंबईला. पेपर वाचायला, चार गप्पा मारायला, महिन्यातून एकदा डॉक्टरांनी येऊन तपासायला एखादी खोली असावी म्हणून सलग दोन वर्षे ग्रामसभेत विषय मांडला. दोन्ही वेळा ठराव मंजूर झाला आणि पुढे 'निधी नाही' हेच उत्तर. आता काय करावे?

उत्तर : 'ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र उभारावे' एवढाच ठराव असेल तर तो इतिवृत्तात पडून राहतो. त्यात जागा कुठली, अंदाजे खर्च किती आणि पैसा कोणत्या शीर्षातून (म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या सदरातून), या तिन्ही गोष्टी हव्यात. तिसरीवरच बहुतेक ठराव अडतात, कारण ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेले शीर्षच नाही. स्वउत्पन्नातले, म्हणजे घरपट्टीसारख्या स्वतःच्या वसुलीतले, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात. म्हाताऱ्या माणसांचा वाटा कुठेच लिहिलेला नाही, म्हणून तो दुसऱ्या शीर्षांत बसवावा लागतो.

आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 1 पाहायला मागा. हे अंदाजपत्रक. त्याच्या शेजारी नमुना 3, म्हणजे गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष जमा-खर्च ठेवा. घरपट्टीची वसुली किती झाली आणि दिव्यांगांच्या 5 टक्क्यांतले किती खर्ची पडले, हे दोन आकडे लिहून घ्या. दिव्यांगांचे पैसे पुष्कळदा 'लाभार्थी नाहीत' म्हणून शिल्लक दाखवतात. खरे तर गावात कानाने ऐकू न येणारे, अर्धांगवायूने एक बाजू गेलेले कितीतरी ज्येष्ठ असतात, पण त्यांनी दाखला काढलेला नसतो. जिल्हा रुग्णालयातून 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला की तेच या शीर्षाचे लाभार्थी होतात. एका गाडीत पाच-सहा जणांना नेऊन ही कामे एका फेरीत उरकावीत.

आता वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारा पैसा. 15 व्या आयोगात 2021-22 पासून 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायचा होता, निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पाण्यासाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. त्या आयोगाची मुदत 2025-26 बरोबर संपली. पुढच्या वर्षांची विभागणी लावण्याआधी ग्रामसेवकांकडून (आता त्यांचे पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहे, पण गावात कोण म्हणते?) चालू वर्षाचे परिपत्रक मागून वाचा. युक्ती अशी की सगळे केंद्र एकाच शीर्षात कोंबायचे नाही. बसायचे कमोड आणि धरायच्या दांड्या असलेले सार्वजनिक स्वच्छतागृह स्वच्छतेच्या निधीत बसते, पागोळीचे पाणी साठवायची टाकी पाण्याच्या निधीत. अबंधित निधीवर मग खोलीची दुरुस्ती आणि उतार एवढाच भार उरतो. पगार आणि आस्थापनेचा खर्च मात्र या निधीतून करता येत नाही. केंद्र झाडणाऱ्या बाईंचे मानधन हवे असेल तर ते स्वउत्पन्नातच धरा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि पुढच्या वर्षी सरपंच तुमच्या कामाला हातच लावत नाहीत.

जागेचा प्रश्न कोकणात पैशाहून अवघड. सातबारावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी परगावी. कोणी 'माझी पडवी घ्या' म्हणाला तर नुसत्या स्टॅम्पवरच्या संमतीपत्रावर सरकारी पैसा टाकता येत नाही. जागा नोंदणीकृत बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीच्या नावे व्हायला हवी आणि त्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात. त्यापेक्षा वाडीतली बंद पडलेली शाळाखोली पाहा. पटसंख्येअभावी बंद झालेल्या प्राथमिक शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत. मात्र खोली गावात असली तरी ती जिल्हा परिषदेची मालमत्ता आहे. ग्रामसभेने ती वापरायला मागावी, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांचा अभिप्राय आणि बांधकाम उपअभियंत्यांचा इमारतीच्या स्थितीचा अहवाल घेऊन गटविकास अधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे जावा. परवानगी हातात येण्याआधी कौले बदलायला घेऊ नका. मालमत्ता आपली नसताना केलेला खर्च वसुलीत निघू शकतो.

अंदाजपत्रकासाठी अभियंत्याला नुसते 'रॅम्प' सांगू नका, माप सांगा. उतार 1:12 असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्याकडे पावसामुळे जोते दोन फुटांचे असते, तेव्हा चोवीस फूट लागतात आणि मध्ये टेकायला सपाट जागा वेगळी. जागा वाचवायला आठ-दहा फुटांचा केलेला उतार पावसाळ्यात घसरगुंडी होतो. दार तीन फूट रुंद, कमोडची बैठक जमिनीपासून सुमारे दीड फूट. फरशी गुळगुळीत नको आणि अंगणात नुसता चिरा लावू नका, त्यावर आषाढात शेवाळ धरते. कठडा स्टेनलेस स्टीलचा घ्या. खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडाचा रंग दोन पावसाळेही टिकत नाही, आणि गंजलेला कठडा ऐन वेळी हातात येतो.

वेळही सांभाळा. 1 एप्रिलपासूनचे अंदाजपत्रक त्याआधीच्या थंडीतच आकाराला येते आणि 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडाही (ग्रामपंचायतीच्या वर्षाच्या कामांची यादी) तेव्हाच ठरतो. 1 मेच्या ग्रामसभेत मांडलेली मागणी त्या वर्षासाठी उशिरा पोचलेली असते. गणपतीत चाकरमानी गावी असतात, तेव्हा सह्या आणि संमत्या गोळा करा. 2 ऑक्टोबरच्या सभेत ठराव घ्या आणि आराखड्याच्या यादीत कामाचे नाव चढले का ते डिसेंबरात प्रत्यक्ष जाऊन पाहा. आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा पडत नाही. तुमचे दोन्ही ठराव बहुधा इथेच अडले असावेत.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला माणसेच येत नाहीत, गणपूर्ती होत नाही. तहकूब सभेत झालेला ठराव चालतो का? (लांजा तालुका)

उत्तर : चालतो. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांतला कमी आकडा लागतो. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मात्र विषय मूळ विषयपत्रिकेवर असला पाहिजे. नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून त्याच्याही आधी सरपंचांच्या नावे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. 'आयत्या वेळच्या विषयांत' पैशाचा ठराव घुसवला तर त्यावर पुढे हरकत निघते.

प्रश्न : आईचे वय 72. देवगड तालुक्यात एकटी राहते. श्रावणबाळ योजनेचे (वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे) पैसे चार महिन्यांपासून बंद आहेत. बँकेत विचारले तर 'आधार जोडलेले आहे' म्हणतात, तहसीलमध्ये विचारले तर 'आम्ही पाठवले' म्हणतात.

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते. रक्कम (दरमहा 1500 रुपये) आता थेट हस्तांतराने, आधार क्रमांकावर जाते. खात्याला आधार 'जोडणे' आणि सरकारी पैसा येण्यासाठी आधार त्या खात्याशी 'सीड' होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा शेवटच्या सीड झालेल्या खात्यात पडतो. आईंनी मधल्या काळात पोस्टाच्या पेमेंट बँकेत किंवा गॅस अनुदानासाठी दुसरीकडे खाते उघडले होते का, ते आठवा. बरेचदा चारही महिन्यांचे पैसे तिथे जमा असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली की बँकेचे नाव कळते. खाते बदलायचे तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या. पासबुकाची झेरॉक्स तहसीलला देऊन काही होत नाही.

तिथेही पैसा नसेल तर हयातीचा दाखला पाहा. दरवर्षी तो द्यावा लागतो, आणि आई चातुर्मासात मुलाकडे मुंबईला गेलेल्या असताना पडताळणी झाली तर 'लाभार्थी आढळले नाहीत' असा शेरा पडतो. तहसीलच्या संजय गांधी शाखेत (ही निवृत्तिवेतने तीच पाहते) शेरा नेमका काय आहे ते लेखी विचारा. तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

तिसरी शक्यता उत्पन्नाची. मर्यादा वर्षाला 21,000 रुपयांची, म्हणजे महिन्याला 1750. आजच्या दिवसात ही मर्यादा हास्यास्पद आहे, पण नियम तोच आहे. आईंचे नाव मुंबईच्या मुलाच्या रेशनकार्डावर असेल तर तलाठ्याच्या चौकशीत मुलाचे उत्पन्न पुढे येते. आई खरोखर वेगळ्या राहत असतील तर गावाकडे स्वतंत्र शिधापत्रिका करून घ्या, मगच उत्पन्नाचा दाखला काढा. क्रम उलटा केला तर दाखला पुन्हा काढावा लागतो.

प्रश्न : वयोश्री योजनेचे 3000 रुपये वडिलांच्या खात्यात आले. त्यातून औषधे आणली. आता पावती मागताहेत. (मंडणगड)

उत्तर : मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा पैसा उपकरणांसाठी आहे: चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, तीन पायांची काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा वा कमरेचा पट्टा, व्हीलचेअर अशांसाठी. खरेदीची पावती 30 दिवसांत द्यायची असते. औषधांची पावती चालत नाही. गरजेचे एखादे उपकरण वडिलांच्या नावाच्या पक्क्या बिलावर घ्या आणि झालेल्या उशिराचे कारण लिहून जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे द्या. 3000 रुपयांत चांगले श्रवणयंत्र येत नाही. तेवढ्यात कमोड खुर्ची आणि काठी मात्र नीट मिळते.

प्रश्न : जिल्हा परिषदेकडे ज्येष्ठांनी नेमके काय मागावे? आमदारांकडे गेलो तर जिल्हा परिषदेकडे बोट, तिथे गेलो तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. (सावंतवाडी)

उत्तर : ज्याच्या हातात जे आहे तेच त्याच्याकडे मागा. निवृत्तिवेतन तहसीलदारांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, तेव्हा आरोग्याच्या मागण्या तिथेच न्याव्यात: आठवड्यातला एक ठरलेला वार ज्येष्ठांसाठी, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या एका फेरीत महिनाभराच्या, खिडकीपाशी वेगळी रांग. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला पैसा लागत नाही, म्हणून आधी त्याच मागा. वैद्यकीय अधिकारी आपल्या पातळीवर त्या देऊ शकतात. गोळ्यांचा साठा कमी पडत असेल तर कोणत्या तारखांना कोणती गोळी नव्हती, असे दोन महिन्यांचे टिपण जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. 'औषधे मिळत नाहीत' एवढ्या अर्जावर कोणी काही करत नाही. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडेही थोडा निधी असतो. बाकडी, पंखा, व्हीलचेअर असल्या गोष्टी तिथून होतात.

जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून नवी योजना हवी असेल तर तुमच्या मतदारगटातून निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्यांमार्फत, मार्चच्या अर्थसंकल्पी सभेआधी. रक्कम लहान आणि लाभार्थ्यांची संख्या नक्की असलेली मागणी टिकते. मोठे बांधकाम असेल तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती. जिल्हाधिकारी तिचे सदस्य सचिव असतात. ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा कागद आणि तांत्रिक मान्यतेचे अंदाजपत्रक हाती असल्याशिवाय तिथे जाऊ नका.

प्रश्न : मी 76 वर्षांचा. दोडामार्गहून पणजीला एसटीने फुकट जाता येईल का?

उत्तर : राज्याच्या हद्दीपर्यंत. पुढचे भाडे द्यावे लागेल. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. 65 ते 75 मधल्यांना अर्धे तिकीट. आधारवर जन्मतारीख चुकीची असेल तर कंडक्टर तीच धरतो. दुरुस्तीची संधी साधारणतः एकदाच मिळते, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला हातात असेल तेव्हाच आधार केंद्रावर जा. 70 वर्षांपुढच्यांच्या पाच लाखांच्या आयुष्मान वय वंदना कार्डालाही वय आधारवरूनच धरतात.

प्रश्न : ग्रामपंचायत अंदाजपत्रक दाखवतच नाही. (राजापूर)

उत्तर : माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये शुल्क. एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. 'ज्येष्ठांसाठी काय केले?' असा प्रश्न विचारू नका, कागद मागा: अमुक वर्षाचा नमुना 1, नमुना 3 आणि अमुक तारखेच्या ग्रामसभेचे इतिवृत्त, साक्षांकित प्रती. 30 दिवसांत न मिळाल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. अर्ज हातोहात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.