बॅटरी तीच, मग तास वाढले कसे?

प्रश्न : तापकीर गल्लीतील एका दुकानात ‘निन्टेन्डो स्विच’ या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्राचे दोन वापरलेले संच पाहिले. त्यांपैकी एक २०१७ चा आहे, तर दुसरा २०१९ चा ‘सुधारित’ असल्याचे सांगून दुकानदार त्याचे जास्त पैसे मागतो. बॅटरीची क्षमता मात्र दोन्हींत ४३१० एमएएचच आहे. मग सुधारणा ती कोणती? मुलगा कोल्हापूरला शिकतो. एसटीच्या प्रवासात तो खेळेल.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दुकानदार खरे बोलत आहे आणि बॅटरीबद्दलचे आपले निरीक्षणही अचूक आहे. बदल झाला तो चिपमध्ये. मूळ संचातील एनव्हिडिया कंपनीची टेग्रा एक्स-१ चिप २० नॅनोमीटर प्रक्रियेने घडवलेली होती. पुढे तीच रचना १६ नॅनोमीटर या अधिक बारीक प्रक्रियेने घडवण्यात आली, आणि या प्रक्रियेत ट्रान्झिस्टर (चिपमधील वीज चालू-बंद करणारी सूक्ष्म बटणे) बंद असतानाही झिरपून वाया जाणारी वीज कमी होत असल्याने तेवढ्याच वेगाला कमी व्होल्टेज पुरते. जोडीला मेमरीही कमी विजेवर चालणारी बसवली. त्यामुळे अडीच ते साडेसहा तास चालणारा संच, कंपनीच्याच आकड्यांनुसार, साडेचार ते नऊ तास चालू लागला. ‘झेल्डा’सारखा जड खेळ जुन्या संचावर सुमारे ३ तास चालतो, नव्यावर सुमारे साडेपाच, कोल्हापूरच्या प्रवासासाठी हा फरक फार मोलाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेग मात्र वाढलेला नाही. सर्व संचांवर खेळ सारखाच चालावा यासाठी तो पूर्वीइतकाच ठेवला आहे. ६.२ इंची पडदा आणि ३२ जीबी साठवणही तीच.

खोक्यावर विसंबू नका, कारण वापरलेल्या मालात खोकी सहज बदलली जातात. संचाच्या पाठीमागे छापलेला मॉडेल क्रमांक वाचा : जुन्यावर ‘एचएसी-००१’ एवढेच असते, सुधारितावर त्यापुढे कंसात ‘-०१’ असते. शिवाय लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच, म्हणून पैसे देण्यापूर्वी संच पूर्ण चार्ज करवून घ्या आणि दुकानातच अर्धा तास एखादा जड खेळ खेळून पाहा. सुधारित संचाची बॅटरी धडधाकट असेल, तर तेवढ्या वेळात साधारण दहा टक्के चार्ज उतरेल; वीस टक्क्यांच्या आसपास उतरला, तर जास्तीचे पैसे देऊ नका.