मांजराच्या गंभीर आजाराचा खर्च आवाक्याबाहेर असेल तर काय करावे? (नागपूर)

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: मानेवाड्यातील आपल्या घरी असलेल्या 14 महिन्यांच्या बोक्याचे पोट पाण्याने फुगले आहे, ताप हटत नाही, डॉक्टरांनी सोनोग्राफीनंतर एफआयपीची (मांजरांमधल्या कोरोना विषाणूत बदल होऊन होणाऱ्या, उपचाराविना जीवघेण्या आजाराची) शंका व्यक्त केली आहे आणि तपासण्या, औषध व दाखल करणे मिळून सुमारे 70,000 रुपयांचा अंदाज दिला आहे. आपला पगार 22,000 आहे, आईच्या औषधांचा खर्च वेगळा, आणि मोठे भाऊ म्हणतात की बोक्याला बाजारात सोडून यावे. उपचार केले नाहीत तर आपण अपराधी ठरू का आणि घरातल्या दुसऱ्या मांजरीचीही तपासणी करावी का, हे आपण विचारले आहे. मी पशुवैद्य नाही. परंतु अनेक वर्षे नागपुरात मांजरे पाळत आले आहे आणि मूत्रपिंडाच्या आजाराने खंगत गेलेल्या माझ्या मांजरीसाठी असाच पैशांचा हिशेब मला मांडावा लागला होता. त्यामुळे जे मला ठाऊक आहे ते सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी आपल्याजवळची खरी रक्कम डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. "माझ्याजवळ आज इतके रुपये आहेत, दर महिन्याला इतके आणखी उभे राहू शकतात, एवढ्यात या बोक्यासाठी सर्वांत उपयोगी काय करता येईल?" असे विचारायला संकोच वाटतो, कारण रक्कम ऐकून डॉक्टर आपल्याला निष्काळजी समजतील अशी भीती असते. प्रत्यक्षात डॉक्टर जो अंदाज देतात तो बहुधा सर्व काही करायचे ठरवले तर काय लागेल याचा असतो, आणि कमी खर्चाचा दुसरा मार्ग ते तेव्हाच मांडतात जेव्हा समोरचा मर्यादा सांगतो. माझ्या मांजरीच्या वेळी रोज दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन देण्याचा सल्ला मिळाला होता. मला ते झेपणार नाही असे सांगितल्यावर त्याच डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन घरी कसे द्यायचे हे मला शिकवले आणि त्यावर ती पुढे बराच काळ खात-पीत, उन्हात बसत जगली. एफआयपीचा आजार वेगळा आहे, पण बोलण्याची ही पद्धत इथेही तितकीच लागू पडते. अंदाज लेखी मागा आणि त्यात निदानाचा, औषधाचा व नंतरच्या देखरेखीचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. प्रत्येक तपासणीबाबत एकच प्रश्न विचारा: हिचा अहवाल असा आला किंवा तसा आला, तर उपचारात नेमके काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर ती तपासणी आपल्यासारख्या परिस्थितीत बाजूला ठेवता येते.

निदानाचा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहिते, कारण पैसे वाचण्याची खरी जागा तिथेच आहे. पोटात पाणी साचले म्हणजे एफआयपीच असे नसते. हृदयविकार, यकृताचा आजार, गाठी किंवा पोटातला जंतुसंसर्ग यांतही पाणी साचते आणि त्यांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. म्हणून सुईने काढलेले थोडे पाणी हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. एफआयपीमध्ये ते बहुधा पिवळसर, चिकट आणि पाकासारखी तार धरणारे असते व त्यात प्रथिने भरपूर असतात. त्यावर रिव्हाल्टा नावाची चाचणी करता येते: परीक्षानळीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात असेटिक अॅसिडचा एक थेंब मिसळतात आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब सोडतात. थेंब विरघळून नाहीसा झाला तर एफआयपीची शक्यता बरीच कमी होते. तो आकार धरून राहिला तर शंका बळावते, पण केवळ तेवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही. या चाचणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. रक्ताच्या अहवालात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचे गुणोत्तर पाहायला सांगा: ते 0.4 च्या खाली असेल तर एफआयपीचा संशय दृढ होतो आणि 0.8 च्या वर असेल तर तो बराच मावळतो. याउलट रक्तातील कोरोना अँटिबॉडीची चाचणी आपल्याला फारसे काही सांगणार नाही, कारण मांजरांच्या आतड्यांत राहणारा कोरोना विषाणू इतका सर्रास आढळतो की अनेक निरोगी मांजरांमध्येही त्या अँटिबॉडी असतात. (या विषाणूचा माणसांच्या कोविडशी संबंध नाही आणि तो आपल्याला किंवा आईंना होत नाही.)

निदान पक्के झाले तर पुढची गोष्ट आशेची आहे, आणि ती आपल्याला कोणी सांगितली नसेल तर मला त्याचे वाईट वाटते. काही वर्षांपूर्वीपर्यंत एफआयपी म्हणजे मृत्यू असेच समीकरण होते. 2019 मध्ये अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएस-441524 हे औषध नैसर्गिकरीत्या एफआयपी झालेल्या 31 मांजरांना दिले, त्यांपैकी 26 मांजरांनी किमान 12 आठवड्यांचा उपचार पूर्ण केला, आणि तेव्हापासून 84 दिवसांचा क्रम रूढ झाला. पुढे 2024 मध्ये म्युनिक येथील पशुवैद्यांनी पोटात किंवा छातीत पाणी साचलेल्या 40 मांजरांवर 42 दिवसांचा आणि 84 दिवसांचा उपचार यांची तुलना केली आणि 42 दिवसांचा उपचारही तितकाच परिणामकारक ठरला. आपल्या बोक्याचा आजार याच प्रकारातला दिसतो. त्यामुळे 42 दिवसांचा क्रम त्याला चालेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. औषधाचा खर्च त्याने निम्म्यावर येऊ शकतो. मात्र मज्जासंस्था किंवा डोळे बाधित असतील तर मात्रा व कालावधी दोन्ही वाढतात, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्याकडे याच औषधाचे जवळचे रूप म्हणजे रेमडेसिविर. शरीरात गेल्यावर त्यापासून जीएस-441524 तयार होते. कोविडच्या काळात अनेक भारतीय कंपन्यांनी ते बनवले आणि एप्रिल 2021 मध्ये किमती कमी करण्यात आल्या तेव्हा 100 मिलिग्रॅमच्या एकाच कुपीची किंमत कंपनीनुसार 899 पासून 3,490 रुपयांपर्यंत होती. आजचे दर वेगळे असतील, पण कंपनी बदलली की एकाच औषधाच्या किमतीत चौपटीचा फरक पडू शकतो, एवढे यावरून नक्की समजते. म्हणून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि गांधीबागेतील औषधबाजारात दोन-तीन ठिकाणी दर विचारल्याशिवाय खरेदी करू नका. मोलनुपिराविर हे दुसरे औषध, ज्याला भारतात डिसेंबर 2021 च्या अखेरीस माणसांच्या कोविडसाठी आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, मांजरांच्या एफआयपीमध्ये पर्याय म्हणून वापरले जाते. त्याची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी लागते, रक्तातील पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावे लागते आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्या कॅप्सूलची पूड हाताळू नये. कोणत्याही औषधाची मात्रा इंटरनेटवर वाचून स्वतः ठरवू नका. ती वजनावर अवलंबून असते, आणि बोका सुधारू लागला की वजन वाढते, तसे औषधही वाढवावे लागते. हा वाढीव खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरा.

औषध लागू पडत असेल तर ताप साधारणपणे पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरू लागतो, भूक परतते आणि पोटातले पाणी पुढच्या एक-दोन आठवड्यांत ओसरते. म्हणजे आठवडाभराच्या औषधाचे पैसे हाताशी असतील तर सुरुवात करून परिणाम पाहता येतो, आणि काहीच फरक पडला नाही तर निदानाचा किंवा पुढच्या खर्चाचा फेरविचार करता येतो. परंतु बरे वाटले म्हणून किंवा पैसे संपले म्हणून मध्येच औषध थांबवले तर आजार उलटण्याची मोठी शक्यता असते. उरलेल्या आठवड्यांचे पैसे कुठून येतील, याचे उत्तर पहिल्या आठवड्यातच मिळालेले असले पाहिजे.

खर्च कमी करण्यासाठी नागपूरकरांच्या हाताशी एक मोठी सोय आहे आणि अनेक मांजरपालकांना ती आठवतच नाही. सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून सुरू आहे, आज ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि तेथील चिकित्सालयात पाळीव प्राणी तपासले जातात. शिकवणारे रुग्णालय असल्याने तिथले शुल्क खासगी दवाखान्यांच्या तुलनेत बरेच कमी असते. प्राध्यापकांसोबत विद्यार्थीही बोक्याला तपासतील, वेळ लागेल, आवारात कुत्री आणि गुरे असतील. म्हणून पिंजरा जाड कापडाने झाकून न्या आणि आतापर्यंतचे सर्व अहवाल व सोनोग्राफीचे कागद सोबत ठेवा, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. उन्हाळ्यात, जेव्हा आपल्या शहराचा पारा 45 अंशांच्या वर जातो, आजारी मांजराला दुपारी ऑटोने नेऊ नये. खासगी डॉक्टरांना न दुखावता हे करता येते: निदान व तपासण्या महाविद्यालयात आणि रोजचे इंजेक्शन घराजवळच्या दवाखान्यात, किंवा डॉक्टरांकडून शिकून घेऊन घरीच.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. प्राण्यांसाठीचा विमा आता काढून उपयोग नाही, कारण आधीपासून असलेला आजार त्यात धरला जात नाही. प्राणिमित्र संस्थांची शक्ती मुख्यतः रस्त्यावरच्या जखमी जनावरांवर खर्च होते, तरीही औषधाच्या उरलेल्या कुप्यांची माहिती त्यांच्याकडून मिळू शकते. मिलाप किंवा केट्टो या लोकांकडून ऑनलाइन मदत गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर निधी मागायचा असेल तर लेखी अंदाजपत्रक जोडा. ऑफिसमधून पगाराची उचल, भिशीचा क्रमांक आधी मागून घेणे किंवा डॉक्टरांकडे हप्त्यांची विनंती, हे मार्ग मी स्वीकारार्ह मानते. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपच्या वाटेला मात्र जाऊ नका. आईंच्या औषधांच्या पैशांना हात लावून बोक्याचा उपचार करावा, असेही मी कधीच म्हणणार नाही.

हे सर्व करूनही रक्कम जमली नाही, तर तो अपराध आहे का? माझ्या मते नाही, आणि हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. औषधाविना पाण्याचा एफआयपी झालेली बहुतेक मांजरे काही दिवसांत किंवा आठवड्यांत दगावतात. त्या काळात त्याला वेदना, भूक आणि धाप यांपासून जपणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते कमी पैशांत पार पाडता येते. डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन काही दिवस त्याची भूक व हुशारी टिकवू शकतात, जरी त्याने आजार बरा होत नाही. कांदा-लसूण न घातलेले कोमट चिकनचे पाणी द्या, कारण दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या यकृतावर चरबी साठू लागते. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे. झोपेत त्याचे श्वास मोजा: मिनिटाला 30 पर्यंत ठीक आहेत, 40 च्या वर जाऊ लागले किंवा तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर छातीत पाणी भरले असण्याची शक्यता आहे आणि त्याच क्षणी दवाखाना गाठला पाहिजे.

त्या टप्प्यावर दयामरण हा पर्याय आपल्याला खुला आहे. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबते. माझ्या मांजरीने खाणे सोडले, पाय ओढू लागली, तेव्हा मी हाच निर्णय घेतला आणि तो योग्य होता असे मला आजही वाटते. "दोन दिवस आणखी पाहू" असे म्हणत धाप लागलेल्या जिवाला ताटकळत ठेवणे अधिक क्रूर ठरते. भावांना मात्र सांगा की बाजारात सोडून देणे म्हणजे सुटका नव्हे. घरात वाढलेला आजारी बोका इतवारीच्या गर्दीत भूक, तहान आणि कुत्र्यांच्या तावडीत मरेल, आणि प्राण्याला असे टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार गुन्हाही आहे. ते चिडून नव्हे, घरच्या खर्चाच्या काळजीने बोलत असावेत. लेखी अंदाजपत्रक आणि आपण ठरवलेली मर्यादा त्यांच्यासमोर ठेवली तर बोलणे सोपे होईल.

दुसऱ्या मांजरीवर सध्या खर्च करू नका. आतड्यांतला साधा कोरोना विषाणू तिला बहुधा आधीच लागलेला असेल आणि तो बहुतेक मांजरांना काही करत नाही. एफआयपी होतो तो त्या विषाणूत बोक्याच्या स्वतःच्या शरीरात बदल झाल्यामुळे, आणि तो बदललेला विषाणू सहसा एका मांजरातून दुसऱ्यात जात नाही. तिची मातीची पेटी वेगळी ठेवा, रोज साफ करा, आणि ती नीट खाते आहे व तिचे वजन टिकून आहे एवढे पाहत राहा.