म्युनिक ते बर्लिन अंतर किती आणि विमानाने किती वेळ लागतो?

सरळ रेषेत साधारण 500 किलोमीटर, ए-9 महामार्गाने गेलात तर 585च्या आसपास. विमानाच्या तिकिटावर एक तास आणि वर पाच-दहा मिनिटं लिहिलेली असतात, हवेत तर तेवढाही वेळ जात नाही. पण हा आकडा ऐकला की माझं डोकं फिरतं. आम्ही म्युनिकला, आमचे साडू बर्लिनला असतात आणि दर सणाला ऐकवतात, "तासाभरात तुमच्या दारात!"

दारात कसले? म्युनिकचा विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब. तिथून एस-बानने, म्हणजे लोकलने, मुख्य स्टेशन गाठायला चाळीस मिनिटं. दहा मिनिटांत नेणारी चुंबकीय गाडी येणार होती म्हणे. बव्हेरियाचे, म्हणजे म्युनिकच्या राज्याचे, तेव्हाचे मुख्यमंत्री श्टॉइबर यांनी 2002 मध्ये तिच्यावर जे अडखळत भाषण केलं, त्यावर लोक अजून हसतात. खर्च तीन अब्ज युरोंच्या वर गेला आणि 2008 मध्ये योजना बासनात गेली. बर्लिनचा नवा विमानतळही खरं तर शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात आहे.

एका पाडव्याला मेव्हणीने क्वार्क, म्हणजे दह्यासारखं जर्मन ताजं चीज, रात्रभर टांगून श्रीखंड केलं. इकडे आम्ही सगळे त्याच्याच आशेवर. साडूंनी तिकीट काढलं होतं सगळ्यात स्वस्तातलं, फक्त हातातल्या बॅगेचं. सुरक्षा तपासणीत डबा उघडला गेला. तेव्हा 100 मिलिलिटरच्या वर पातळ काही चालत नव्हतं, हा नियम शेंबड्या पोरालाही माहीत. पण साडू वाद घालायला लागले, की हे घट्ट आहे, यात चमचा उभा राहतो. तपासणीच्या बाईंनी शांतपणे डबा तिरका केला. श्रीखंड हललं. संपला वाद! मेव्हणीने तिथेच कडेला उभं राहून जमेल तेवढं खाल्लं, बाकीचं टाकलं. सकाळी सातला घर सोडलेली मंडळी दुपारी जेवायच्या वेळेला टेकली, तीही रिकामा डबा घेऊन. पुऱ्या आम्ही बटाट्याच्या भाजीशी खाल्ल्या. आणि साडू काय म्हणावेत? "फ्लाइट मात्र अगदी वेळेवर होती हं."

अहो, रेल्वेने या ना! डिसेंबर 2017 मध्ये एरफुर्ट शहरावरून जाणारा नवा मार्ग पूर्ण झाला. वाटेतल्या थुरिंगिया राज्याच्या डोंगरांखालून बोगदे काढलेत, गाडी ताशी 300 पर्यंत पळते. पूर्वी सहा तास लागायचे, आता स्प्रिंटर, म्हणजे कमी थांबे घेणारी गाडी, चारच्या आत पोहोचते, साधी आयसीई ही वेगवान गाडी साडेचारच्या आसपास. दोन्ही स्टेशनं भर शहरात. डबा तिरका करून बघणारं कोणी नाही.

आता, जर्मन रेल्वे वेळेवर असते असं मी म्हणत नाहीये. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम 62 टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. महत्त्वाचं काम असेल तर आधीची गाडी धरा. आणि म्युनिकहून पुढे भारतात जाणारं विमान पकडायचं असेल तर मुकाट्याने विमानानेच या, सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान परस्पर पुढे जातं.

साडू म्हणतील विमान स्वस्त पडतं. दोन्हीकडच्या लोकलचं भाडं आणि बॅगेचे पैसे धरून हिशेब मांडा म्हटलं, की ते लगेच मुलांच्या शाळेचा विषय काढतात.