'मस्ट', 'हॅव टू', 'शुड': तिन्हींचं मराठी 'पाहिजे'च होतं, मग फरक काय?

तुमचा गोंधळ 'पाहिजे' या शब्दामुळेच होतोय. 'मला जायला पाहिजे' यात सल्लाही बसतो आणि सक्तीही. इंग्रजीत मात्र दोन्हींना वेगळी क्रियापदं आहेत. म्हणून 'पाहिजे' बाजूला ठेवा. मनात 'जावं लागतं' आलं तर 'हॅव टू', 'जायला हवं' आलं तर 'शुड'. रोजचं बहुतेक बोलणं एवढ्यावर भागतं.

'मस्ट' नियमांच्या पाट्यांवर, अर्जावरच्या सूचनांत दिसतं. बोलण्यात येतं ते बोलणाऱ्याच्या आग्रहातून. डॉक्टरांनी बजावलंय म्हणून सिगारेट सोडायची असेल तर 'आय हॅव टू स्टॉप', स्वतःलाच ते मनापासून वाटत असेल तर 'आय मस्ट स्टॉप'. (अमेरिकेत दोन्हीकडे 'हॅव टू'च जास्त ऐकू येईल.) 'यू मस्ट कम फॉर डिनर' हा प्रेमाचा आग्रह आहे, पण सहकाऱ्याला 'यू मस्ट सेंड इट टुडे' म्हटलंत तर ते हुकूम सोडल्यासारखं लागतं. तिथे 'वी नीड टू सेंड इट टुडे' बरं.

खरी गफलत होते नकारात, आणि ती महागात पडू शकते. होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' शेजारी-शेजारी असतात, नकारात त्यांची तोंडं दोन दिशांना होतात. 'यू मस्टन्ट कम' म्हणजे 'येऊ नकोस', सरळ मनाई. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे 'नाही आलास तरी चालेल'. आपलं 'यायला नको' दोन्हीकडे चालून जातं, म्हणून सौजन्याने सूट द्यायला गेलेला माणूस मनाई करून बसतो. वाक्यात 'तरी चालेल' बसतंय का ते पाहा. बसलं तर 'मस्टन्ट' नकोच.

भूतकाळात सक्तीसाठी 'मस्ट' चालत नाही, तिथे 'हॅड टू' घ्यावं लागतं. ही तीन वाक्यं शेजारी ठेवा:

'आय हॅड टू पे': पैसे भरावे लागले. म्हणजे भरले.
'आय शुड हॅव पेड': भरायला हवे होते. म्हणजे भरले नाहीत.
'आय मस्ट हॅव पेड': भरले असणार. हा नुसता अंदाज, सक्तीचा इथे संबंधच नाही.

मराठीने हे तिन्ही अर्थ किती नेमके वेगळे ठेवलेत बघा! फक्त या अंदाजाच्या 'मस्ट'चा नकार 'कान्ट' होतो: 'ही मस्ट बी टायर्ड', पण 'ही कान्ट बी टायर्ड'. आणि एखादा विनाकारण आला असेल तर 'यू नीडन्ट हॅव कम', म्हणजे 'उगाच आलास'.

रचनेतली नेहमीची चूक म्हणजे 'मस्ट टू गो'. 'मस्ट' आणि 'शुड'नंतर 'टू' येत नाही, आणि कर्ता कुणीही असला तरी ते बदलत नाहीत. 'हॅव टू' मात्र साध्या क्रियापदासारखं वागतं: 'शी हॅज टू गो', 'डझ शी हॅव टू गो?', 'शी विल हॅव टू गो'.

ऐकताना अडत असेल तर कारण उच्चारात आहे. 'हॅव टू' हे 'हॅफ्टू' होतं, 'हॅज टू' हे 'हॅस्टू', आणि 'मस्टन्ट'मधला पहिला 'ट' गळून 'मसन्ट' उरतं.